चाळीस जणांचा एकच साक्षीदार

मीने, तुझ्या शोकसभेत मला कुणी बोलायला सांगितलं नाही. कोर्टातल्या बाररूमचे पंखे गरगरत होते, तुझ्या फोटोला मोगऱ्याचा हार होता आणि एकेक जण उठून तुझ्यावर बोलत होता. ज्यांनी तुला आयुष्यात कधी चहा विचारला नाही तेसुद्धा! मी दुसऱ्या रांगेत होते, कोट घालून, तयारीनिशी. सेक्रेटरीने एकदा माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली. त्याला वाटलं असणार, ही उठली की भांडणार. बरोबरच वाटलं म्हणा.

कारण अध्यक्षांनी काय केलं माहितीये? घसा खाकरून म्हणाले, "मीनाताई नेहमी म्हणायच्या, पारडं किती झुकलंय ते सगळे बघतात, पारड्यात किती घातलंय ते कुणी बघत नाही." सगळी बाररूम माना डोलवायला लागली. अगं, ते वाक्य माझं आहे! कशेळीच्या पुलावर कंटेनरच्या मागे अडकलो होतो, तू माझ्या स्कूटीवर मागे बसली होतीस. मी आईबद्दल सांगत होते, ती खाडीचा म्हावरा विकायची तेव्हाचं. एका बोंबलासमोर दोन बोंबील ठेवले तरी पारडं झुकतं, आणि टोपलीसमोर दीड टोपली ठेवली तरी झुकतंच. म्हणून काय दोन्ही सारखं? तू मागून हूं की चूं केलं नाहीस. आणि मग भर कोर्टात, जज मॅडमसमोर, शांतपणे ठेवून दिलंस माझं वाक्य. मॅडमनी पेन खाली ठेवलं. माझ्या आख्ख्या वकिलीत माझ्यासाठी कुठल्या जजने पेन खाली ठेवलं नाही गं.

तर हे असं आहे. तू गेलीस, मी रडले, आणि शोकसभेत माझा जळफळाट झाला. दोन्ही खरं आहे. तुझ्याशी खोटं बोलून आता काय मिळणार मला?

तू शेलारची, मी कशेळीची. कॉलेजात एका बाकावर, भिवंडी कोर्टात एका टेबलावर. तू फौजदारी घेतलीस, मी दिवाणी. मी आपली गोदामांचे भाडेकरार, भावाभावांच्या वाटण्या, बांधावरची भांडणं. तुझ्याकडे पोलीस, पंचनामे, हातकडी. तू मला चिडवायचीस, "सुरे, तुझं बरं आहे. पारडं केसभर झुकलं की तुझा निकाल. माझ्याकडे पार जमिनीला टेकवावं लागतं त्यांना." मी म्हणायचे, टेकवावं त्यांना लागतं, तुला काय? तुला फक्त बोट लावून धरायचं असतं. तू हसायचीस. तुझ्या त्या हसण्याचासुद्धा मला राग यायचा, कारण त्यात समोरच्याला कमी लेखणं नसायचं. मला तसं हसताच येत नाही.

पण खरा हेवा सुरू झाला तो जितूच्या केसपासून. माझा धाकटा भाऊ. तुझी पार्टी, तुझा अशील. या दोन गोष्टी एकाच माणसाबद्दल आहेत हे मी शेवटपर्यंत पचवलं नाही.

आमच्या चुलतभावाची हळद होती. आगरी हळद तुला सांगायला नको, लग्न एक वेळ चुकेल माणूस, हळद चुकायचा नाही. सगळा गाव पिवळ्यात. एकाच दुकानातून ताग्याने कापड आणून पुरुषांनी एकसारखे कुर्ते शिवले होते. जितूची पिकअप सकाळपासून फिरत होती, खुर्च्या आण, बर्फ आण, पाहुण्यांना सोड. चावी मांडवाच्या बांबूला टांगलेली, ज्याला लागेल त्याने घ्यावी. आणि दिवेलागणीला पुलाच्या रस्त्यावर एका पांढऱ्या पिकअपने एका सायकलवाल्याला उडवलं. पॉवरलूमवरून ड्युटी संपवून चालला होता बिचारा. पिकअप थांबली नाही. तो हॉस्पिटलात पोचायच्या आधी गेला.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी मांडवामागे उभी असलेली जितूची गाडी बघितली, हेडलाइट फुटलेला. जितूला उचलला. चहाच्या टपरीवाल्याने जबाब दिला, चालवणारा माणूस पिवळ्या कुर्त्यात होता. सरकारी वकिलांना वाटलं झालं काम.

आई मला काय म्हणाली आठवतंय? मी वकीलपत्र तयार करत होते. ती ओट्यावरून म्हणाली, "तू नको. तू बहीण हाय, बहिणीचं कोन ऐकतंय? मीनाला बलव." बस्स. कायदा शिकले मी, घरात वकील मी, आणि आई म्हणते मीनाला बलव. तू आलीस तेव्हा तिने पापलेट तळलं. मधली तुकडी तुझ्या ताटात, मला शेपटी. हसू नकोस, मी मरेपर्यंत विसरणार नाही ते.

आम्हा सगळ्यांना एकच ठाऊक होतं, दिवेलागणीला जितू मांडवात नाचत होता. आम्ही चाळीस माणसं साक्ष द्यायला तयार होतो. मी सगळ्यात पुढे. मी तुला सांगितलं, मला डोळ्यांसमोर दिसतोय तो, समया लावल्या आणि तो मध्ये घुसून नाचायला लागला. तू वही नाही, पेन नाही, नुसती पाय पसरून ओट्यावर बसलीस आणि विचारलंस, "कुठल्या गाण्यावर?"

मी पटकन गाणं सांगितलं. काकूने तेच सांगितलं. तिच्या सुनेने तेच. तू आणखी पाच-सहा जणांना विचारलंस, सगळ्यांचं एकच गाणं. मला वाटलं वा, किती पक्का पुरावा! मग तू दोन दिवसांनी आलीस आणि म्हणालीस, "सुरे, मी तुमच्या धवलारणीकडे जाऊन आले." आमच्या लग्नात धवले गाणारी ती म्हातारी. दिवेलागणीला धवले सुरू असतात आणि धवले सुरू असताना बँजो वाजत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोर सांगेल. म्हणजे त्या वेळी मांडवात कुठलंच गाणं नव्हतं. नाच नव्हता. ते गाणं आलं कुठून? व्हिडिओतून. हळदीचा व्हिडिओ आम्ही सत्यनारायणाला भिंतीवर लावून सगळ्या गावाने बघितला होता, मग घरोघरी मोबाईलवर कितीदा तरी. व्हिडिओवाल्याने बँजोचा आवाज काढून वर सिनेमातलं गाणं टाकलं होतं, आणि समया लावतानाच्या दृश्याला जितूचा दुपारचा की रात्रीचा नाच चिकटवला होता. दिसायला छान दिसत होतं म्हणून.

"तुम्ही चाळीस साक्षीदार नाही," तू म्हणालीस. "तुम्ही एक साक्षीदार आहात. आणि तो एडिटिंगवाला आहे."

माझ्या नाकाला काय मिरच्या झोंबल्या! मी म्हटलं, मग मी खोटं बोलतेय का? तू म्हणालीस, "नाही गं. तू खरं बोलतेयस. तुला खरंच दिसतोय तो. पण चाळीस माणसांनी चाळीस ठिकाणी उभं राहून बघितलं असेल तर ते चाळीस. चाळीस जणांनी एकच भिंत बघितली असेल तर ते एक. सरकारी वकिलाने गाणं विचारलं तर सगळे एकदम पडाल आणि जितूला घेऊन पडाल." तुझ्यासमोर मला नेहमी घरी गेल्यावर उत्तर सुचायचं.

तू एकालाही उभं केलं नाहीस. मलाही नाही. सगळी केस तू त्या पिवळ्या कुर्त्यावर लढवलीस. टपरीवाल्याला मान देऊन म्हणालीस, तुम्ही बघितलं ते खरंच बघितलंत, पिवळा कुर्ता होता. मग मॅडमकडे वळून म्हणालीस, त्या दिवशी त्या गावात पिवळा कुर्ता न घातलेला एक पुरुष सरकार पक्षाने दाखवावा. जो पुरावा जितूला लागू पडतो तो मांडवातल्या प्रत्येक माणसाला लागू पडतो, तर त्याने जितूबद्दल सांगितलं काय? चावी बांबूला होती. गाडी कुणाची हे सिद्ध झालंय, हात कुणाचा होता हे नाही. आवाज न चढवता. मी मागच्या बाकावर बसून एकेक शब्द ऐकत होते आणि मनात म्हणत होते, भाऊ सुटू दे रे देवा. आणि त्याच मनात म्हणत होते, हे मला का नाही सुचलं.

त्या मेलेल्या माणसाची बायको प्रत्येक तारखेला यायची. दाराजवळच्या बाकावर, पदर डोक्यावरून. मी तुला म्हटलं होतं, उलटतपासात विचार ना तिला, नवरा पीत होता का? नुसतं विचारलं तरी शंका उभी राहते. तू माझ्याकडे रोखून बघितलंस. "वाटेल ती शंका नाही सुरे. वाजवी शंका." मी चिडून विचारलं, वाजवी म्हणजे काय, मोजून दाखव. शंभरातल्या किती? तू म्हणालीस, "आकडा नाही. जी शंका मी त्या बाईच्या तोंडावर बोलू शकते ती वाजवी."

परवा शोकसभा संपली तेव्हा ती बाई बाररूमच्या दारात उभी होती. मी ओळखलं, तिने मला ओळखलं. मी कसेबसे दोन शब्द बोलले, विचारलं, आप यहाँ कैसे? तुझ्या फोटोकडे बघत म्हणाली, "वकील बाई ने मेरे आदमी को शराबी नहीं बोला. सब बोलते हैं ना ऐसे केस में. उन्होंने नहीं बोला." चप्पल काढून आत गेली, नमस्कार केला आणि गेली. मीने, तू जिच्या विरुद्ध उभी होतीस ती तुझ्यासाठी शांतीनगरहून रिक्षा करून आली. मी मेले तर माझ्या जिंकलेल्या पार्ट्यासुद्धा येतील की नाही शंका आहे. आणि ही वाजवी शंका आहे.

जितू सुटला. आईने तुझ्या तोंडात पेढा भरवला. मग तीच बाई ठाण्याला क्लेम ट्रिब्युनलमध्ये गेली नुकसानभरपाईसाठी, आणि तिथे भावातर्फे मी उभी राहिले. म्हटलं, आता माझा प्रांत. तुझीच सगळी वाक्यं घेऊन गेले, कुर्ता, चावी, बांबू. आणि हरले! तिथे म्हणाले, गाडी याची, गाडी दिवसभर बहुतेक हाच चालवत होता, हा त्या वेळी दुसरीकडे होता असं सांगणारं कुणी पुढे आलं नाही, तेव्हा शक्यता याचीच जास्त. पारडं केसभर झुकलं आणि माझा निकाल लागला. एकच भाऊ, एकच गाडी, एकच संध्याकाळ. तू जिंकलीस, मी हरले. कोर्टाच्या आवारात एकाने तोंडावर विचारलं, मॅडम, मीनाताईंना का नाही घेतलं? मी त्याला काय बोलले ते लिहीत नाही.

त्या दिवशी मी तुझ्या ऑफिसात येऊन आरडाओरडा केला. म्हटलं, एक कोर्ट म्हणतं सुटला, एक कोर्ट म्हणतं यानेच केलं, हा काय पोरखेळ आहे? एकतर केलं असेल नाहीतर नसेल केलं! तू फाईल बांधत होतीस. म्हणालीस, "दोन्ही निकाल बरोबर आहेत."

"कसे?"

"ठाण्यात प्रश्न होता, या बाईचं नुकसान कुणी सोसायचं. चुकलं तर पैसे एका घरातून दुसऱ्या घरात जातात. इथे प्रश्न होता, या माणसाला आत टाकायचं का. चुकलं तर त्याचं आयुष्य कुठून परत आणणार? चूक जेवढी महाग तेवढी खात्री जास्त लागते. सत्य एकच आहे गं. पण दोन्ही कोर्टांनी सत्य विचारलंच नव्हतं. पुरेसं आहे का, एवढंच विचारलं होतं."

"मग सत्य कुणाला माहीत?" मी म्हटलं.

तू दोरीची गाठ मारलीस आणि फाईल खणात टाकलीस. मला कळलं. तुला माहीत होतं.

अगं, मला दिसत नव्हतं का? केस चालू होती तेव्हा जितू दर शनिवारी तुझ्याकडे यायचा. केस संपली तरी येत राहिला. कधी कोळंबी घेऊन, कधी जिताडा घेऊन, कधी नुसताच. तासभर बसायचा आणि हलका होऊन घरी यायचा. मी कधी टेमघरच्या तुझ्या ऑफिसवरून गेले की खाली त्याची बाईक दिसायची. माझ्याशी घरात काय बोलायचा? जेवलीस का ताय, लाइट बिल भरलं का ताय. बाबा गेले तेव्हा मी त्याला शाळेत सोडायला जायचे, त्याच्या पहिल्या पिकअपला हार मी घातला. आणि ती एक गोष्ट, त्या संध्याकाळची, जी मला खात होती, ती त्याने तुझ्या टेबलावर ठेवली आणि तू खणात बंद केलीस. मी एकदा सरळ विचारलं तुला. लाज सोडून. "तो तुला काय बोलला?" तू म्हणालीस, "पार्टीचं बोलणं पार्टीचं, सुरे." कायद्याने बरोबर. मी तुला त्या दिवशी खाऊ की गिळू करत होते.

त्यानंतर आपण बोलत होतो, नाही असं नाही. तू डबा उघडलास की मी भाजी घ्यायचे. पण मी तुला काही सांगायचं कमी केलं. माझी आजारपणं, आईचं विसरणं, काहीच नाही. मनात म्हणायचे, तुझ्याकडे माझं एवढं मोठं काहीतरी आहे, आणखी कशाला देऊ? तुला ते कळत होतं आणि तू कधी बोलून दाखवलं नाहीस. मला तेही लागलं. एकदा भांडायचंस तरी.

काल तुझा दहावा झाला. नदीवर तुझ्या भावाने केलं सगळं. जितू माझ्याबरोबर आला होता. कावळा शिवला तेव्हा तो एवढा हुंदके देऊन रडला की तुझ्या भावानेच त्याला धरलं. बाबांच्या वेळी रडला नव्हता इतका. लोक बघत होते. मी पण बघत होते, आणि खरं सांगू? तुझी राख अजून नीट विरली नसेल आणि मला तुझा हेवा वाटत होता. मी गेले तर हा असा रडेल का?

परत येताना तो गाडी चालवत होता. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, कशेळीच्या अलीकडे सगळं ठप्प. त्याने इंजिन बंद केलं. मला राहवलं नाही. म्हटलं, "जितू, आता मीना न्हाय. आता तरी सांग. त्या दिवशीचं तू तिला काय सांगितलं होतंस?"

त्याने माझ्याकडे बघितलं, आश्चर्याने. "तिला? तिला काय न्हाय सांगितलं."

"खोटं नको बोलू. दर शनिवारी जायचास."

"जायचो ना. ती जेवली का विचारायची. धंद्याचं विचारायची. तुझं बोलायची लय." त्याने नाक पुसलं. "पहिल्याच दिवशी मी सांगायला लागलो, तर बोलली, थांब. सांगू नको. मला पुराव्यावर बोलायचंय. केस संपल्यावर एकदा परत सांगाया गेलो, तर बोलली, जितू, हे ऐकायचा हक्क माझा न्हाय, तुझ्या तायचा हाय. तिला सांग. पर तू कधी विचारलंच न्हाय, ताय."

मीने! खोटारडे! काही नव्हतंच तुझ्या खणात. मी इतकी वर्षं रिकाम्या खणावर जळत होते. आणि पार्टीचं बोलणं पार्टीचं म्हणून ऐटीत तोंड मिटून बसलीस, का तर मी एकदा तरी माझ्या भावाकडे वळावं म्हणून? सरळ सांगायला काय झालं होतं? की सांगितलं असतंस तर मी म्हटलं असतं, ही मला माझा भाऊ शिकवते? हो, म्हटलं असतं.

जितू स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. म्हणाला, "आता विचारतेस का?"

मी विचारलं. कुर्ता नाही, चावी नाही, गाणं नाही. सरळ विचारलं, तू होतास का गाडीत. त्याने सांगितलं. सगळं, पहिल्यापासून, न थांबता. मधेच पुढचा कंटेनर हलला, मागच्याने हॉर्न मारले, आम्ही गाडी पुढे घेतली आणि तो बोलत राहिला. घर येईपर्यंत संपलं.

काय सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही. तू पार्टीचं राखलंस, मी भावाचं राखीन. एवढंच सांगते, आता मला शंका नाही. वाजवी नाही आणि गैरवाजवी पण नाही.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे असं काहीतरी आहे जे तुझ्याकडे कधीच नव्हतं. मला वाटलं होतं, हे हातात आलं की मी जिंकले. आईला सांगू शकत नाही, तिला आता कालचं आठवत नाही. बाररूममध्ये सांगू शकत नाही. रात्रभर उशाशी घेऊन पडले आणि एकच माणूस आठवत होता ज्याच्यासमोर हे ठेवता येईल, जो ऐकून घेईल आणि काय करायचं ते सांगेल. तू जितूला गप्प केलंस, ठीक आहे. त्याची वकील होतीस. माझी नव्हतीस ना. मला कधी गप्प केलं नाहीस.

एकदा विचार ना गं, मीने. विचार ना मला.